तळहातावरचं तीर्थ

सातपूरच्या वळणावर कुणीतरी वाळू सांडून ठेवली होती. तिच्यावरून स्कूटर घसरली आणि माझं उजवं मनगट मोडलं. ऑपरेशन करून आत प्लेट बसवली. हाड जुळलं, टाके सुकले, पण हात वळेना. तळहात वर करायला गेले की कोपरापर्यंत कळ जायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "येत्या काही आठवड्यांत वळवलात तर वळेल. नंतर आहे तसाच राहील."

कारखान्यातलं स्टोअरचं काम डाव्या हाताने कसंबसं निभत होतं. अडलं ते घरी. सासरे पूर्वी रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगायचे. आता वय झालं, पण घरची पूजा त्यांचीच. मी कामाला निघण्याआधी ते मला तीर्थ देतात. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी डावा हात पुढे केला, तेव्हा त्यांनी पळी तशीच धरून ठेवली.

"डाव्या हातावर तीर्थ घेत नाहीत."

"उजवा वळत नाही, दादा."

"मग थांबू."

थांबून काय होणार? त्यांचा हात कापतो. पळीतलं पाणी ताम्हनात सांडून गेलं. दुसऱ्या दिवसापासून ते मला तीर्थ वाटीत द्यायला लागले, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला देतात तसं. मी पिऊन निघायचे. मनाला लागायचं, पण बोलून काय उपयोग होता?

फिजिओथेरपीच्या मुलीने घरी लावायला मशीन दिलं. मोबाइलएवढा डबा, त्याला वायरी, टोकांना चिकटपट्ट्या. पट्ट्या व्रणापासून दूर, हातावर लावायच्या आणि करंट हळूहळू वाढवायचा. आधी मुंग्या येतात, मग थरथर, आणि त्या थरथरीत कळ बुजून जाते.

सासऱ्यांच्या लेखी हा विजेचा शेक. शेक दिला की अंग झाकायचं, हा आमच्या घरचा नेम. त्यांनी स्वतःची लोकरी शाल काढून दिली. "वारा लागला तर दुखणं धरून बसेल. गप्प पडून राहा." मलाही ते पटलं. कितीतरी दिवसांनी दुखत नव्हतं, मी शालीखाली गाढ झोपायचे. व्यायाम करायचे ते मशीन काढल्यावर. तोवर कळ परतलेली असायची. थोडं वळवायचे आणि सोडून द्यायचे.

पुढच्या वेळी त्या मुलीने कोन मोजला. तसूभरही फरक नव्हता.

"काकू, मशीन चालू असताना काय करता?"

"शाल पांघरून झोपते."

ती आधी हसली, मग हसायची थांबली. "याने सांधा सुटत नाही हो. हे नुसतं दुखणं झाकतं. लाइट आहेत तोवर टाकी भरून घेता ना? तसं, दुखत नाही तोवर हात वळवायचा."

वाटेत वाया गेलेले दिवस मोजत आले. घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं, "दादा, हा शेक नाही." त्यांनी शालीची घडी घालून ठेवली.

त्यानंतर रोज ते पूजेसाठी गंध उगाळत असताना मी शेजारी बसायचे. हाताला पट्ट्या, कोपर बरगडीला घट्ट, मुठीत उभं लाटणं. ते बाहेरच्या बाजूला कलवत न्यायचं.

"दुखतंय?" ते सहाणेवरून नजर न काढता विचारायचे.

"आत्ता नाही."

"मग आणखी."

हात हलायला लागला, पण फार सावकाश. डॉक्टरांचे आठवडे संपत आले होते. सासऱ्यांची पळीही आता जास्त थरथरत होती.

एका सकाळी वाटी नेहमीसारखी मांडलेली होती. मशीन मी काढून ठेवलं होतं. उजवा हात पुढे केला. तळहात पुरता सपाट नव्हता, करंगळीकडे थोडा कललेला होता. कळ होती, सोसण्याजोगी. पळी थरथरत आली, अर्धं पाणी फरशीवर पडलं. उरलेलं तळहातावर थांबलं. मी तीर्थ प्यायले, हात डोक्यावरून फिरवला.

त्यांनी वाटी उपडी करून बाजूला सारली. "फरशी पुसून जा," म्हणाले, "कुणी घसरेल."

फडकं पिळणं अजून जमत नव्हतं. तसंच ओलं फिरवलं आणि बस गाठायला निघाले.