नातेवाईक: नाहीत

भिंगवाल्यांनी बाजारामागच्या गल्लीत, एका खिडकीच्या खोलीत बसून चव्वेचाळीस वर्षं चष्म्याची भिंगं घासली. अर्ध्या गावाची नजर त्यांच्या हातून गेली होती. आणि बहात्तराव्या वर्षी त्यांना स्वतःलाच दाराची चौकट दिसेनाशी झाली. समोरचं लख्ख दिसे, कडेचं गायब. येता-जाता खांदा आपटायचा. एकदा शेजारच्या मास्तरांच्या अंगाला अंग घासून गेले तरी ओळख दिली नाही, म्हणून मास्तर महिनाभर फुगून बसले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, "काचबिंदू आहे. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळू. घराण्यात कुणाला होता का?"

"वडिलांना नव्हता. आजोबांनाही नव्हता."

"त्याच्या आधी?"

त्याच्या आधीचं भिंगवाल्यांना काहीच ठाऊक नव्हतं. घरात पणजोबांचा विषय निघाला की आजोबांचं एकच ठरलेलं वाक्य असे, "माझा बाप पुलाच्या कामावर गेला आणि आम्हाला टाकून पळाला." पुढे कुणी विचारायची छाती करत नसे.

बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी परदेशात. दर रविवारी तिचा फोन यायचा. "बाबा, तब्येत कशी?" "मजेत." "जेवलात?" "कधीच." सात मिनिटांत दोघांकडचं सगळं संपायचं. डोळ्यांचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असं ते स्वतःला समजवायचे. सोमवार ते शनिवार घरात बोलायला फक्त कुकर होता.

डॉक्टरीणबाईंचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. एका मंगळवारी ते सरकारी दप्तरखान्यात जाऊन उभे राहिले.

"कुणाचं शोधताय?" तिथल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"पणजोबांचं."

"जमिनीचा वाद?"

"नाही हो. माणूसच हरवलाय."

"कधीपासून?"

"झाली असतील एकशे पस्तीस वर्षं."

आता बाईंनी मान वर केली. "मग तशी घाई नाही म्हणा," त्या म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली.

त्या दिवसापासून दर मंगळवारी खिडकीजवळचं टेबल त्यांचंच झालं. स्वतःच घासलेलं जाड भिंग घेऊन ते ओळ न् ओळ वाचत. आधी आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, सन १८८०. बापाचा धंदा पाथरवट. मग पुलाच्या कामाची हजेरीपुस्तकं उघडली. तिथे बापाचं नाव, आजाचं नाव, धंदा, तिन्ही जुळलं तेव्हा भिंगवाल्यांनी खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली. आठ वर्षांत या माणसाचा एक खाडा नव्हता. आणि १८८८ च्या पुस्तकात मुकादमाचा शेरा: "रेघ चुकते. छिन्नीऐवजी हातावर घाव घालतो. कडेला ठेवलेल्या दगडांना अडखळतो." पुढच्या पानापासून नाव नाही.

"पळाले असतील खरंच," बाई म्हणाल्या.

"कडेच्या दगडांना अडखळतो, असं लिहिलंय," भिंगवाले म्हणाले. "अशा माणसाला पळता येत नाही, बाई."

मग त्यांनी दवाखान्याची बाडं मागवली आणि शेवटी अंधांच्या आश्रमाची. पणजोबा तिथे सापडले. वय एकोणचाळीस, दोन्ही डोळे हळूहळू गेलेले, काम खुर्च्या वेताने विणणे. आश्रम गावाच्या वेशीपलीकडे, घरापासून तासाभराच्या चालीवर होता. दरवर्षी एक ओळ, आणि दर ओळीच्या शेवटी तेच: "नातेवाईक: नाहीत." अशा तेवीस ओळी. चोविसाव्या वर्षी, १९१२ साली, मृत्यू.

भिंगवाल्यांनी त्या ओळी पुन्हा एकदा मोजल्या. मग ते बाड मिटू लागले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "समासातलं वाचलंत का?"

"समासात कुठे काय आहे?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि पहिल्या वर्षाच्या समासातलं बारीक अक्षर मोठ्याने वाचलं. "आज बायको मुलास घेऊन फाटकाशी आली. रहिवाशाने विनंती केली की, असा कोणी इथे नाही म्हणून सांगावे. माझे ओझे तिच्यावर नको. त्याप्रमाणे सांगितले. मूल रडत होते. तो आवाज ऐकून रहिवासी दोन दिवस जेवला नाही."

मूल म्हणजे आजोबा. तेव्हा नऊ वर्षांचे. भिंगवाल्यांना त्यांचा करडा चेहरा आठवला आणि चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"तुमचंही तसंच आहे का हो?" बाईंनी हळूच विचारलं. "कडेचं?"

"घरी कुणाला माहीत नाही," ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, घरी कुणी नाहीच.

रविवारी फोन आला. "तब्येत कशी?" या प्रश्नाला त्यांनी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. मुलगी उखडलीच. "सहा महिने? सहा महिने लपवलंत? शेजारी कुणाला माहितीय?"

"नाही."

"म्हणजे पडलात तरी मला कळणार नाही!"

ते ऐकून घेत राहिले. ती शांत झाल्यावर त्यांनी पणजोबांची सगळी हकीगत सांगितली, समासासकट.

"बायकोला आत येऊ द्यायला हवं होतं त्यांनी," ती म्हणाली.

"हो. पण मला त्यांचं कळतं."

"तुम्हाला कळतं, तेच तर वाईट आहे बाबा."

तिला सुट्टी मिळायला चार महिने होते, तीही तीन आठवड्यांची. तोवर रोज फोन करीन म्हणाली. पहिला आठवडा रोज आला, मग दिवसाआड. भिंगवाल्यांनी तक्रार केली नाही, पण औषधाचे थेंब घालायचे राहिले तर आता तिला तसं सांगू लागले.

पुढच्या मंगळवारी त्यांनी आश्रमाचं ते पान कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. समासाची ओळ बाई वाचत होत्या, ते लिहीत होते. घरी आल्यावर त्यांनी तो कागद आजोबांच्या तसबिरीच्या मागे, पुठ्ठ्याखाली सरकवला, खिळे पुन्हा ठोकले आणि तसबीर भिंतीवर सरळ केली. संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.