झाडामागचा ढालकरी

लेक सासरी जाताना तिचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम माझ्या गळ्यात मारून गेली. बुद्धिबळासारखी घरं, त्यांवर चिमुकली फौज. एक चाल आपली, एक शत्रूची, आणि मेलेला शिपाई परत येत नाही. मी हौसेनं घरच्यांची नावं दिली. जखमा बऱ्या करणारी वैद्यीण बायको, तिरंदाज लेक आणि ढालकरी अर्थात मी.

परवा चहा देताना बायकोनं डोकावून विचारलं, "अहो, यात मी कुठाय?"

"तू मघाशीच गेलीस."

"आणि पोरगी?"

"ती तुझ्याआधी."

"मग तुम्ही ढाल घेऊन काय करत होतात?"

"झाडामागं उभा होतो."

"म्हणजे घरच्यासारखंच!" ती हसली. "मांडा परत पहिल्यापासून."

खरंच होतं. आईचं दुखणं असो की लेकीच्या सासरची बोलणी, पुढे तीच गेली. मी मागून शाबासकी दिली. पडद्यावर मी एकटा उरलो होतो, अंगावर ओरखडाही नसलेला. शत्रू सभ्यपणे माझ्या चालीची वाट बघत होता, आणि आता कुणासाठी चालायचं ते सुचेना.

डाव नव्यानं मांडला. दोघी पुन्हा जिवंत उभ्या राहिल्या. चहा निवेपर्यंत मी विचार केला आणि ढालकऱ्याला हळूच झाडामागं सरकवलं.