अर्जुनी मोरगावात भेटलेला रोमन बाप

वंदनाचा फोन आला तेव्हा मी मिरजेत कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पीत होते. आम्ही दोघी एम.ए.ला एका खोलीत राहायचो. लग्नानंतर ती गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यात गेली, मी इतिहास शिकवायला लागले. "माझ्या दिरानं नाटक लिहिलं आहे," ती म्हणाली. "मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, होणार. आणि विषय तुझा. रोम!"

धानाच्या मुलखात रोम! मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी थेट गाडी आहे. प्रवास एक दिवसाहून जास्त, त्यामुळे खालचा बर्थ मिळेल तेव्हाच जा आणि डबा घरून न्या. गोंदिया स्टेशनबाहेर पोह्यांवर चण्याची तर्री ओतून देतात, ती चुकवू नका. दुकानदार हिंदीत विचारतो, मराठीत उत्तर दिलं तरी हिंदीतच हिशोब सांगतो. पुढे बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर धरायची. तिकीट किरकोळ, खिडकी मात्र सोन्याची. कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मध्येच एखादा तलाव, मग साग आणि बांबू. हे तलाव वंदनाच्या सासरच्यांसारख्या शेतकरी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खोदले. पाणी अडवून गावाला पुरवणारे लोक म्हणून मला ते पाहण्याआधीच आवडत होते.

वंदनाचे दीर देवरावभाऊ घ्यायला आले. पन्नाशीचे, उंच, बोलायला मोकळे. नाटक त्यांनीच लिहिलेलं, मुख्य काम त्यांचंच. "मॅडम, तुमी आले, आता चुका काढा," म्हणाले. तोवर मला ते फार आवडले होते, हे नोंदवून ठेवते.

दुपारी शाळेच्या व्हरांड्यात तालीम होती. गोष्ट रोमच्या जुन्या इतिहासातली. एका सैनिकाची तरुण मुलगी एका सत्ताधीशाला हवी असते. ती आपल्या माणसाची गुलाम आहे असा खोटा दावा तो स्वतःच्याच न्यायासनासमोर लावतो. बाप धावत येतो, वाचवायचा मार्ग दिसत नाही, तेव्हा खाटकाच्या दुकानातली सुरी उचलतो आणि मुलीलाच भोसकतो. तिची अब्रू वाचली म्हणतो. लोक चिडून उठतात, जुलमी राजवट पडते, शहर स्वतंत्र होतं. रोमन लोक ज्याला शील, कर्तव्य, कुळाचा मान म्हणत, ते सगळं या एका सुरीत बसवलेलं आहे. मग शेकडो वर्षं युरोपातल्या कवींनी, चित्रकारांनी, नाटककारांनी त्या बापाला पुन्हा पुन्हा उभं केलं. प्रत्येकानं त्याच्या तोंडी आधीपेक्षा चांगली वाक्यं घातली.

देवरावभाऊंनीही घातली होती. दोन पानांचं स्वगत म्हणून त्यांनी चांदीचा कागद लावलेली लाकडी सुरी उगारली. मुलीचं काम करायला नागपूरहून रेश्मा नावाची नटी आणली होती. ती पडली, आणि पडल्या पडल्या म्हणाली, "भाऊ, मले एकबी डायलॉग नाही? नुसतीच मरू काय?"

मंडळी हसली. देवरावभाऊ हसले नाहीत. "पोरगी कायले बोलंन? बाप बोलते ना! रोममधी तशीच रीत होती. विचारा मॅडमले."

मला खरं बोलावं लागलं. जुन्या कथनात ती मुलगी खरोखरच एक शब्द बोलत नाही. बाजारातून ओढून नेली जाते, दाव्यात उभी केली जाते, मारली जाते, आणि गप्प असते. "पण ती रीत चांगली होती असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "शहराला स्वातंत्र्य मिळालं. तिला काय मिळालं?"

"नाव मिळालं ना," देवरावभाऊ म्हणाले, आणि पुढचा प्रवेश सुरू झाला. मला चीड आली, पण पाहुणी होते. रात्री लाखोळीच्या डाळीचे वडे आणि तलावातल्या माशांचा रस्सा जेवले.

दुसऱ्या दिवशी प्रतापगड; साताऱ्याचा नव्हे, इथला. महादेव आणि दर्गा एकाच डोंगराच्या आसऱ्याला आहेत; चढ थोडा, पण पायात बूट हवेत आणि पाणी खालूनच न्यावं. वंदना सोबत होती, आणि देवरावभाऊंची मुलगी प्राचीही. प्राची एकोणीस वर्षांची, गोंदियाला नर्सिंग शिकणारी. वरून रान आणि पाणी दूरवर दिसत होतं. कॉलेजला सुट्टी आहे का, मी सहज विचारलं.

प्राची वंदनाकडे पाहायला लागली. वंदना म्हणाली, "सांग."

"परीक्षा आहे, मॅडम. बाबा होस्टेलवर आले आणि बॅग भर म्हणाले."

"का?"

"मी एका पोराच्या गाडीवर दिसली, असं कोणीतरी त्यायले सांगितलं. वर्गातला आहे तो. उशीर झाला म्हणून त्यानं होस्टेलवर सोडलं होतं. तेवढंच. आता फोन बाबाजवळ आहे. परीक्षा परवापासून."

मग मला तो देखावा काही सुंदर वाटला नाही. उतरताना मी वंदनावरही तडकले. "मला नाटक बघायला बोलावलंस, की हे?"

"हे," ती म्हणाली. "माझं ऐकत नाही तो. वाटलं, तुझं ऐकंन."

ऐकलं नाही. अंगणात देवरावभाऊ स्वगत पाठ करत होते. मी सरळ विचारलं, "तुम्ही तिला विचारलंत का?"

"कोणाले?"

"प्राचीला. काय झालं ते."

"तिले काय विचाराचं? गाव मले विचारून राहिला ना! मॅडम, इज्जत गेली का परीक्षा देऊन काय कराचं?"

"गावाला उत्तर देता येत नाही म्हणून मुलीला कोंडता? तुमच्या त्या रोमन बापासमोर निदान जुलमी सत्ता तरी होती. तुमच्यासमोर कोण आहे? पानठेल्यावरची चार रिकामी माणसं!"

आवाज चढला होता. शेजारचे लोक कुंपणाशी आले. देवरावभाऊ म्हणाले, "पाहुण्या आहा, पाहुण्यावानी राहा." मी म्हणाले, सकाळच्या गाडीनं जाते. प्राची दारात उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. खरं सांगायचं तर भांडताना मीही नाही.

प्रयोग दुसऱ्या दिवशी रात्री होता. तो न पाहताच मी सकाळी स्टेशनवर आले. गाडी यायच्या जरा आधी वंदनाच्या स्कूटीवरून प्राची उतरली, बॅग घेऊन. "मोठी आई, तुझा फोन ठेवू ना मी?" तिनं वंदनाला, आपल्या काकूला, विचारलं. वंदनानं मान हलवली आणि मला म्हणाली, "होस्टेलच्या दारापर्यंत सोड तिले." मी प्राचीला विचारलं, "तुला यायचंय?" ती म्हणाली, "बॅग मीच भरली, मॅडम."

आम्ही डब्यात बसलो आणि देवरावभाऊ मोटरसायकल टाकून फलाटावर धावत आले. खिडकीचे गज धरले. "उतर."

"नाही उतरत, बाबा. पेपर आहे उद्या. मी जाऊन राहिली."

फलाटावर निम्मं गाव बाजाराला निघालेलं. सगळे बघत होते. देवरावभाऊंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलीच्या आधी लोकांकडे पाहिलं, हे मी विसरणार नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी गज सोडले. गोंदिया येईपर्यंत प्राची रडत होती आणि रडता रडता नोट्स वाचत होती.

वंदनाचा फोन मी मिरजेला पोचल्यावर आला, स्वतःचा फोन प्राचीकडे आणि दिराचा नको, म्हणून शेजारणीच्या फोनवरून. प्रयोग जोरात झाला. देवरावभाऊंनी बापाचं काम असं केलं की बाया डोळ्यांना पदर लावून रडल्या. नाटकाला आमगावकडून बोलावणं आलं आहे. मी फोन ठेवला आणि भांडी आपटत घासली. चांदीचा कागद लावलेल्या सुरीनं मरणाऱ्या पोरीसाठी रडणारी ही माणसं फलाटावर नुसती उभी होती!

गोंदियाला जा. डिसेंबर-जानेवारीत जा, तलाव बघा, मंडई बघा, मासे खा. मी एवढ्यात जाणार नाही. वर्गात रोमन मूल्यांचं प्रकरण शिकवताना आता माझा आवाज चढतो आणि पुढच्या बाकावरची मुलं दचकतात.

परवा प्राचीनं सांगितलं, पेपर बरे गेले. बाबा होस्टेलवर आले होते. वर आले नाहीत, तिळाच्या लाडूंचा डबा गेटवर ठेवून गेले.

"मग?"

"घेतला, मॅडम. दोन खाल्लेबी."

मी असते तर परत पाठवला असता. पण लाडू तिचे होते, आणि बापही तिचाच.