हिरोळचा निरोप

"परभणीकडे पाहण्यासारखं काय आहे?" असं मला निघण्याआधी तिघांनी विचारलं. मी तिघांनाही सांगितलं की पाहायला नाही, वाचून घ्यायला चालले आहे. तिघांनीही मान हलवली आणि विषय बदलला. बाई एकट्या पडल्यात, जरा भरकटल्यात, असं त्यांना वाटलं असणार.

नाशिक रोडला गाडीत बसले तेव्हा जवळ एक कापडी पिशवी होती. तीत दोन साड्या, औषधांची डबी आणि पुठ्ठ्याची जाड फाइल. फाइलमध्ये दिगंबरचं हस्तलिखित. दिगंबर माझा नवरा. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं. स्टेशनमास्तरांचा मुलगा, लहानपण चुडाव्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं, नोकरी नाशकात कारकुनाची. आणि उरलेला सगळा वेळ हिरोळमध्ये.

हिरोळ नकाशावर नाही. दिगंबर आणि त्याचा चुडाव्यातला दोस्त माणिक, या दोघांनी दहा-अकराव्या वर्षी तो देश काढला. त्याच्या नद्या काढल्या, डोंगर काढले आणि त्याला हिरोळी नावाची भाषा दिली, जी जगात फक्त या दोघांना येते. हिरोळमध्ये वारा कधी पडत नाही. बोललेला शब्द वारा उचलून नेतो, लिहिलेला कागद तर त्याहून आधी. म्हणून तिथे महत्त्वाचं बोलणं तिसूर (निरोप्या) पाठ करून नेतो. हा तिसूर मुद्दाम परक्या खोऱ्यातला निवडतात. त्याला हिरोळीचा एकही शब्द कळता कामा नये, कारण ज्याला निरोप कळतो तो त्यात आपल्या पदरचं घालतो. उत्तर पोचवेपर्यंत तिसुराची सुटका नसते.

मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. हस्तलिखितात या मजकुराशेजारी मी पेन्सिलीने लिहिलं होतं, "न कळता पाठ केलं तर चूक झाल्याचं समजणार कसं?" दिगंबरने खाली लिहिलं, "ऐकणाऱ्याला समजेल." लग्नानंतर कितीदा म्हटलं असेल, मला शिकव ती भाषा. तो हसून म्हणायचा, "तुला नको." हे 'तुला नको' मी संसारभर गिळलं. ते पचलं मात्र कधीच नाही.

हस्तलिखिताचं शेवटचं पान मात्र सगळं हिरोळीत होतं. देवनागरीत लिहिलेल्या अकरा ओळी, एकही शब्द ओळखीचा नाही. इस्पितळात जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने ते लिहिलं होतं. ते त्याचं शेवटचं लिहिणं. मला ते हवं होतं. माझ्याविषयी काही असेल, अशी आशा होती, ती कशाला लपवू? मी नंबर शोधून माणिकरावांना फोन केला. मी सगळं सांगितल्यावर पलीकडून एकच शब्द आला, "या."

मानवत रोडला उजाडलं. रुळांच्या दोन्ही अंगांनी कपाशी फुटली होती आणि वेचणीला आलेल्या बायका ओटी बांधून उभ्या होत्या. परभणीला उतरून पॅसेंजर धरली. समोर बसलेल्या बाईने पिशवीसकट मला न्याहाळलं.

"कुठं चाललाव, मावशी?"

"चुडाव्याला. माणिकरावांकडे."

"पाव्हणे हायत का?"

"माझ्या नवऱ्याचे मित्र."

"मंग मालकाला न्हाई आनलं?"

"ते वारले."

गाठोडं सोडून तिने दोन सीताफळं काढली, त्यातलं मोठं माझ्या हातात ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. सव्वा वर्षात इतकं नेमकं सांत्वन मला कुणी केलं नव्हतं.

चुडावा स्टेशन लहान आहे. उतरले आणि दिगंबरने नकाशात काढलेली हिरोळची राजधानी ओळखली: फलाटाचा उतार, पाण्याची टाकी, पलीकडे काळं रान. तेवढ्यात न थांबणारी एक गाडी धडधडत गेली. शेजारचा हमाल मला काहीतरी सांगत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही पोचला नाही. हिरोळचा वारा कुठून आला ते मला तिथे कळलं.

माणिकराव घरी नव्हते. त्यांची सून सुनीता ओसरीवर आली, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि खाली पाहत म्हणाली, "मामा (सासरे) सकाळीच पोखर्णीला गेले, काकू. नरसिंहाला."

"पण मी येणार हे त्यांना माहीत होतं."

"म्हनूनच गेले," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसावं. "तुमचा फोन आल्यापासून त्यांचं ध्यान थाऱ्यावर न्हाई. जेवायलेत तर जेवायलेत, न्हाईतर तसंच बसायलेत."

मला राग आला. रात्रभर बसून आलेल्या बाईला असं उंबऱ्यावरून परतवायचं? पण सुनीताने ताट वाढलं होतं. ज्वारीची पातळ भाकरी, अंबाडीची भाजी, वरून कच्चं तेल घातलेला ठेचा. पोटभर जेवल्यावर माणसाचा राग निम्मा होतो, हे गणित मला मान्य आहे.

जेवणानंतर तिने ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला एक दिवाळी अंक काढला. "ह्याला मामा कुनाला हात लावू देत न्हाईत. तुमी बघा."

पाहायची गरज नव्हती, तो अंक आमच्याही घरी आहे. लग्नानंतर दुसऱ्या दिवाळीला दिगंबरची हिरोळवरची गोष्ट त्यात छापून आली होती. वर एकट्या दिगंबरचं नाव. मी पेढे वाटले होते. महिन्याभराने एक पोस्टकार्ड आलं, हिरोळीत लिहिलेलं, चारच ओळी. दिगंबरने ते वाचलं, खणात टाकलं आणि दोन दिवस धड बोलला नाही. त्याने उत्तर दिलं नाही, पुढे चुडाव्याहूनही काही आलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेव्हा पेढ्यांच्या आनंदात मला त्या पानावर दुसरं नाव नसल्याचं दिसलंच नव्हतं. आता सुनीताच्या ओसरीवर दिसलं.

सुनीताने मला मुक्कामाला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी परभणीला परत आले. बसस्टँडवर चपलेचा अंगठा तुटला, चांभार शोधेपर्यंत पोखर्णीची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. दुसरी तासाभराने मिळाली. पायात शिवून घेतलेली चप्पल, मांडीवर फाइल, दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. मी मनात बोलणं जुळवत होते. भांडायचंच ठरवलं होतं.

देवळाच्या आवारात एका झाडाच्या पारावर पांढऱ्या धोतरातला, उंच, वाळलेला माणूस बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं.

"वैनी," ते म्हणाले. "तुमी इथवर आलाव?"

"दिगंबरची बायको आहे मी. उत्तर घेतल्याशिवाय पान उलटत नाही."

ते किंचित हसले आणि लगेच डोळे पुसले. मी पाराच्या टोकाला बसले, फाइल उघडली आणि शेवटचं पान पुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला.

"वाचून दावा. पैली वळ."

"केरमू, ओश नारेत बिसाल..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "केरमू म्हंजी मी," ते म्हणाले. "हे पुस्तकाचं पान न्हाई, वैनी. हा निरोप हाय. माझ्या नावाचा."

खरं सांगते, मला ढकलल्यासारखं झालं. पुस्तकाचा शेवट नव्हता, माझ्यासाठीही काही नव्हतं. ज्याने चार ओळींचं पोस्टकार्ड धाडून संबंध तोडले, त्याला शेवटच्या आठवड्यात अकरा ओळी. आणि मी?

"मग घ्या आणि वाचा," मी पान पारावर ठेवलं. "मी निघते."

"हिरोळात कागद घेत न्हाईत. तुमाला ठाव हाय." ते हळू बोलत होते. "तोंडी पायजे. अन् एक सांगतो. म्या काल पळून आलो ते तुमच्या भ्यानं न्हाई. निरोपात त्यो भांडला असंल तर? आता म्या कुनाशी भांडू? त्यो तर गेला."

माझा सगळा राग तिथेच ओसरला. दुसऱ्याच्या उत्तराची भीती मला ठाऊक आहे. चौतीस वर्षं निकालाच्या दिवशी मुलांच्या तोंडावर पाहिली आहे.

मी पान घेतलं आणि आवाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करू लागले. पासष्टीला पाठांतर म्हणजे चाळणीत पाणी. अर्थ नसलेले शब्द जिभेवरून घसरत होते. नवसाला आलेली माणसं माझ्याकडे पाहत होती; कुणाला वाटलं असेल, बाई स्तोत्र म्हणतेय. सातवी ओळ आठवीत मिसळायची, नववी येतच नव्हती. एका म्हातारीने शेजारी बसून विचारलं, "कोन्ता मंतर हाय हा?" मी म्हटलं, "मलाही माहीत नाही." तिला ते पटलं, कारण ती लगेच हात जोडून बसली. उन्हं कलली तेव्हा अकराच्या अकरा ओळी जागेवर आल्या.

माणिकराव माझ्याकडे पाठ करून बसले. तिथली रीतच तशी, निरोप ऐकताना तिसुराकडे पाहायचं नाही. मी डोळे मिटून म्हणत गेले. चौथ्या ओळीला त्यांचे खांदे हलू लागले. नवव्या ओळीत मी अडले, एक शब्द चुकला, तेव्हा त्यांनी पाठमोऱ्यानेच तो बरोबर करून सांगितला. ऐकणाऱ्याला समजतं, हे दिगंबरने खरं लिहिलं होतं. अकरावी ओळ संपल्यावर त्यांनी दस्ती (रुमाल) तोंडावर धरली.

"भांडला का?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग काय म्हणाला? मला सांगा. माणिकराव, त्याचं शेवटचं बोलणं आहे ते. मला हक्क आहे."

ते वळले. "हक्क हाय, वैनी. इचारलं तर सांगंन, सगळं सांगंन. पर मंग तुमी तिसूर राहत न्हाई. मंग माझा जवाब कोन नेनार? मेलेल्याला बी जवाब नेत्यात हिरोळात. त्याच्या बसायच्या जागंसमोर म्हनायचा. सून नेईल म्हनलं तर तिला म्या थोडी थोडी शिकवलीय. परकं, न समजनारं मानूस आता माझ्याकडं दुसरं न्हाई." ते थांबले. "तुमाला त्यानं शिकवली न्हाई, व्हय ना?"

"तुला नको, म्हणायचा."

"मंग त्यानं तुमाला राखून ठेवलं."

मी ताडकन म्हटलं, "जन्मभर बायको होते मी त्याची. टपालवाली नव्हते."

"तिसूर म्हंजी टपालवाला न्हाई, वैनी. ज्याच्यावर सगळ्यात जास्त इस्वास, त्यालाच धाडत्यात."

मला ते पटलं का? पूर्ण नाही. त्याने राखून ठेवलं होतं की नुसताच टाळत होता, हे मला कधीही कळणार नाही. सिद्ध करायला तो नाही. पण समोर एक माणूस बसला होता, ज्याचं दिगंबरशी बोलणं इतकी वर्षं तुटलं होतं, आणि आता त्याचं उत्तर माझ्याशिवाय कुठे पोचणार नव्हतं. माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर, दोन्हींतलं एकच सुटणार होतं.

"सांगा तुमचा जवाब," मी म्हटलं. "हळू सांगा. मला वेळ लागतो."

पाच ओळी होत्या. त्यांनी एकेक ओळ म्हटली, मी तिच्यामागे म्हटली, दिवेलागण होईपर्यंत. शेवटच्या ओळीत मला दोन शब्द कळले: तिसूर, आणि शालिनी. माझं नाव. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं नाही. एसटीत बसवून देताना फक्त म्हणाले, "म्हनायच्या आदी वारं बंद करा."

परतीच्या गाडीत मी कुणाशी बोलले नाही. बोलले असते तर ओळी सांडल्या असत्या. मानवत रोड गेलं, जालना गेलं, मी आपली ओठांतल्या ओठांत पाच ओळी घोळवत होते. समोरच्या तरुणीने काळजीने विचारलं, "काकू, बरं वाटत नाही का?" मी हाताने खूण केली की बरं आहे.

घरी पोचल्यावर चहासुद्धा घेतला नाही. दिगंबरची खुर्ची खिडकीपाशी आहे, तशीच. खिडकी लावली, दार लावलं. पंखा माझ्या सवयीने आल्याआल्याच सुरू झाला होता. तो बंद केला आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिले. मग पाचही ओळी म्हटल्या, एकदाही न अडता. माझ्या नावाशी आवाज जरा हलला, पण शब्द चुकला नाही.

माझ्याविषयी एक वाक्य मी स्वतःच्या तोंडाने माझ्या नवऱ्याला सांगितलं, आणि ते काय आहे हे मला माहीत नाही. त्याला माहीत आहे. मी पंखा पुन्हा लावला नाही. बराच वेळ त्याच्यासमोर तशीच बसून राहिले.