सेफ्टी पिनेतला टाका

दुपारी मी झोपत नाही. चाळीस वर्षं सगळ्यांना हे सांगत आलेय, त्यामुळे झोपायचं असलं की मला आधी काहीतरी काम हातात घ्यावं लागतं. आज मांडीवर दुपटं आहे. पलीकडच्या खोलीत मृदुला आणि तिची सव्वीस दिवसांची लेक निजल्यात. बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, बाळंतिणीचा शेक झाला. घरभर ओव्याचा वास आहे, पंखा कुरकुरतोय आणि मी खुर्चीत पाय वर घेऊन बसलेय.

दुपटं माझं नाही, अक्कांचं आहे. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, मृदुलाची आई. त्यांना जाऊन तीन महिने झाले. लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं, ते आता मी करतेय. दुपटं क्रोशाचं आहे, पांढऱ्या दोऱ्याचं. एक चौकोन रिकामा, एक भरलेला, असं करत करत त्यात पोपट उमटत जातात. अक्कांचे आठ पोपट झाले आणि काम थांबलं. शेवटच्या चार पोपटांना चोची नाहीत. जिथं त्या थांबल्या तिथला उघडा टाका मी सेफ्टी पिनेत अडकवून ठेवलाय, कारण क्रोशाचं असं असतं की तो एक टाका सुटला आणि कुणी दोरा ओढला की सगळं काम उसवत जातं.

पुढं मी विणायला बसले की बिघडतं. अक्का डावखुऱ्या, मी उजवी. त्यांचे टाके एका अंगाला झुकलेले, माझे दुसऱ्या. मधे असा उंचवटा येतो की आंधळ्याच्याही हाताला लागेल. तीनदा विणलं, तीनदा उसवलं. बारसं पुढच्या रविवारी आहे. "काकू, आईच्याच दुपट्यात गुंडाळून पाळण्यात घालायचं तिला," मृदुला म्हणते. सगळं उसवून पहिल्यापासून माझ्या हातानं विणलं तर नऊ दिवसांत होईल. पण मग त्यात अक्कांचा एकही टाका उरणार नाही. आणि ते अर्धं राहिलं ते माझ्यामुळे, हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

पंख्याचं कुरकुरणं लांब जातं. पापण्या जड होतात. मी पिनेवर बोट ठेवते, उघडली तर नाही ना ते बघायला, आणि बोट तिथंच राहतं.

"दोरा ढिला धरलायस, शैले."

मी वळून बघत नाही. बघायची गरज नाही. चाळीस वर्षं हेच वाक्य ऐकलंय.

आम्ही एस्टीत बसलोय. जयसिंगपूरहून सांगलीला जाणारी आमची नेहमीची गाडी. मी खिडकीशी, अक्का माझ्या उजव्या बाजूला. सीटच्या प्रत्येक पाठीवर क्रोशाचा रुमाल घातलाय, पूर्वी आम्ही टीव्हीवर घालायचो तसला. मला अक्कांचा फक्त डावा हात दिसतो. मनगटावर तव्याचा जुना डाग, बोटांत सुई. हात चालूच आहे.

"किती दिवसांनी भेटताय," मी म्हणते.

"मी कुठं गेले होते? तूच झोपत नाहीस दुपारची."

कंडक्टर येतो. तिकीट देतो ते आम्ही नमुने काढायचो त्या चौकटीच्या कागदाचं आहे आणि त्यावर पेन्सिलनं अर्धा पोपट काढलाय.

"दोघी एकाच ठिकाणी का?" तो विचारतो.

"नाही," अक्का म्हणतात. "ही अलीकडं उतरणार."

मी तिकीट मुठीत घेते. "अक्का, समोर बसा की. बाजूला बसलात की मला काही कळत नाही."

हे खरंच आहे. लग्न होऊन आले तेव्हा मला साधी साखळीसुद्धा घालता येत नव्हती. अक्कांनी शिकवायला घेतलं तेव्हा त्या शेजारी बसायच्या आणि माझ्या बोटांच्या गाठी व्हायच्या. त्यांचा डावा हात, माझा उजवा, सगळं उलटं. पंधरा दिवस मी रडकुंडीला आले. मग एके दिवशी त्या उठल्या आणि पाट ओढून माझ्या पुढ्यात बसल्या. त्यांचा डावा हात माझ्या उजव्या हातासमोर आला आणि आरशात बघून वेणी घालावी तसं मला येत गेलं. तेव्हापासून काहीही नवीन विणायचं असलं की आम्ही दोघी समोरासमोर बसायचो. गुडघ्याला गुडघा लागायचा.

"एस्टीत समोर कोण बसतं?" अक्का म्हणतात. "ड्रायव्हर तरी वळून बसतो का?"

मी हसते. पण त्या समोर आल्या नाहीत हे माझ्या मनातून जात नाही. राग धरून आहेत, असं मला वाटतं. वाटायला कारणही आहे.

मी गल्लीतून चालतेय. जयसिंगपूरच्या गल्ल्यांना आकडे आहेत, उभ्या-आडव्या सरळ रेघा मारून बसवलेलं गाव, त्यामुळे इथं कुणी चुकत नाही. आज मी चुकतेय. नववी गल्ली संपते आणि पुन्हा नववीच लागते. अक्का चार पावलं पुढं आहेत, त्यांची पाठ दिसते, मोरपंखी साडी, खांद्यावर कापडी पिशवी. पिशवीतून दोरा सुटून रस्त्यावरनं येतोय आणि मी तो गुंडाळत गुंडाळत त्यांच्या मागं चाललेय.

"दोन घरं रिकामी, एक भरलेलं," अक्का मागं न बघता म्हणतात.

तेव्हा मला दिसतं. दोन घरं बंद, कुलपं लावलेली. तिसऱ्यात माणसं आहेत, कुणीतरी लसूण ठेचतंय. परत दोन बंद, एक उघडं. आम्ही पोपटाच्या शेपटीवरनं चाललोय. मी मोजत मोजत जाते, पाठीवरनं वळते, मानेपर्यंत येते.

"अक्का, थांबा की जरा."

"मी थांबलेच आहे. तूच चालत नाहीस."

गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालय आहे. आत रुखवताची टेबलं मांडलीत. आमच्या नणंदेचं, वत्सलाचं लग्न. मांडवाला लागून आमचं तोरण टांगलंय आणि ते बघून मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं. तोरण आम्ही दोघींनी निम्मं निम्मं वाटून घेतलं होतं. एकच नमुना, एकच कागद. सगळे पोपट एका दिशेला बघायला पाहिजेत हे सांगायची गरजही वाटली नव्हती. अक्कांनी त्यांच्या खोलीत विणलं, मी माझ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी जोडायला घेतलं तर त्यांचे पोपट इकडं बघतायत आणि माझे तिकडं. डावा हात आणि उजवा हात. वर्षभर समोरासमोर बसूनही दोघींच्या डोक्यात हे आलं नाही. उसवायला वेळ नव्हता. तसंच जोडलं. मधोमध दोन पोपट चोचीला चोच लावून उभे.

नवऱ्यामुलाची मावशी तोरणाखाली उभी आहे. तिच्या डोळ्यांवर चष्मा आहे आणि चष्म्यात सगळे पोपट हलतायत. "हे भांडतायत की बोलतायत हो?" ती विचारते.

"जावा आहोत," अक्का म्हणतात. "दोन्ही करतो."

सगळं कार्यालय हसतं. मीही हसते. हसता हसता बघते तर खुर्च्या उचलून भिंतीला लावल्यात, माणसं गेलीत, टेबलावर पांढरी चादर आहे. चादरीखाली पाय आहेत. सलाइनची बाटली लटकतेय. मला ही खोली माहीत आहे आणि मला इथून जायचंय.

"बस," अक्का म्हणतात.

त्या उशीला टेकून बसल्यात. केस गेलेले, डोक्याला ओढणी. मांडीवर दुपटं. बोटं सुजलीत, पण सुई चालू आहे. मृदुलाला तेव्हा सातवा महिना होता. आमच्या घरात बाळ जन्माला आल्याशिवाय त्याच्यासाठी काहीही शिवत नाहीत, विणत नाहीत. टोपडं नाही, झबलं नाही, दोऱ्याचा गुंडासुद्धा आणत नाहीत. ही रीत अक्कांनीच मला शिकवली होती. आणि त्याच चोरून दुपटं विणत बसल्या होत्या.

मी काय केलं ते मला पुन्हा करायचं नाही, पण माझा हात पुढं होतो. तेव्हा झाला होता तसाच. "अक्का, काय हे? आधीच कशाला विणताय? पोरीला काही झालं म्हणजे?" असं म्हणत मी त्यांच्या बोटांतून सुई काढून घेते. दुपटं पिशवीत घालते. उघडा टाका तेवढा पिनेला अडकवते, कारण काम वाया जाऊ नये एवढी अक्कल मला आहे. "बाळ आल्यावर विणा की निवांत," मी म्हणते. त्या रिकाम्या बोटांकडं बघत राहतात.

बारा दिवसांनी त्या गेल्या. त्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी घाई केली होती, आणि हे मला कळायला त्यांना जावं लागलं.

"अक्का," मी म्हणते. माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. "मी सुई काढून घेतली नसती तर चोची झाल्या असत्या."

"झाल्या असत्या."

"रागावलात ना?"

"रागावले की. दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं गुंगीत आहे."

मी रडते. स्वप्नात रडायला काही लाजबिज वाटत नाही. अक्का मला रडू देतात आणि मग म्हणतात, "बोटं इतकी दुखायची गं. तू सुई नेलीस आणि त्या रात्री मला पहिल्यांदा झोप लागली. हेही तुला सांगायचं राहिलं."

"खरं सांगताय?"

"आता खोटं बोलून मला काय मिळणाराय?"

मी नाक पुसते आणि वर बघते. त्या समोर बसल्यात. पलंग नाही, सलाइन नाही. दोन पाट आहेत आणि आमच्या गुडघ्यांना गुडघे लागलेत. त्यांच्या डोक्यावर केस आलेत, पूर्वीचे, तेल लावून चोपडे केलेले. इतका वेळ चेहरा दिसला नव्हता. आता पोटभर बघून घेते.

"हात दे," अक्का म्हणतात.

मी डावा हात पुढं करते, मी त्याच हाताच्या बोटावर दोरा घेते म्हणून. त्या तो बाजूला सारतात आणि उजवा ओढून घेतात. पहिल्या बोटाला दोरा गुंडाळतात. एक वेढा, दोन, तीन. घट्ट.

"अक्का, हा तुमचा दोऱ्याचा हात झाला. मला असं येत नाही."

"तुला कसं येत होतं? कुणीतरी समोर बसलं म्हणून आलं."

"आता माझ्या समोर कोण बसणार?"

अक्का कान देऊन काहीतरी ऐकतात. त्यांच्या तोंडावर जे हसू येतं ते माझ्यासाठी नाही, हे मला कळतं, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

"ऊठ," त्या म्हणतात. "भूक लागलीय तिला."

"जरा वेळ बसा की."

"दोरा ढिला धरू नकोस," अक्का म्हणतात आणि ओढतात.

बाळ रडतंय. पंखा कुरकुरतोय. माझी मान आखडलीय. आतून मृदुलाचा आवाज येतो, "अले अले, झालं, झालं," आणि रडणं बंद होतं. खिडकीतलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलंय. दुपटं मांडीवर तसंच आहे, पोपटांना चोची नाहीत, पिन बंद आहे. मी ते दोनदा तपासते. दोऱ्याचा गुंडा टोपलीत आहे, मी ठेवला होता तिथंच.

थोड्या वेळानं मृदुला बाहेर येते. कानाला रुमाल बांधलेला, अंगावर शाल, बाळ खांद्यावर. "काकू, झोपला होतात?"

"छे. डोळे मिटले होते नुसते."

"घोरत होतात." ती हसून जवळ येते आणि एकदम थांबते. "हाताला काय झालं?"

मी बघते. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर दोऱ्याचे वळ आहेत. तीन वेढे, लालभडक, इतके खोल की मधली कातडी वर आलीय.

"विणताना दोरा रुतला असेल," मी म्हणते.

"पण तुम्ही दोरा डाव्या बोटाला घेता," मृदुला म्हणते. "उजव्याला तर आई..." ती खाली बसते आणि त्या वळांवर अंगठा फिरवते. डाव्या हाताचा. ही पोरगी जेवण सोडलं तर सगळं डाव्या हातानं करते. अक्का दहा वेळा म्हणाल्या असतील, ये, तुला शिकवते, आणि ही दहा वेळा म्हणाली असेल, नंतर.

तिच्या अंगठ्याखाली माझं बोट ठणकतंय. ती बघतेय ते बोट माझं नाही, तिच्या आईचं आहे, असं वाटून मी हात तसाच राहू देते. मग सुई काढून घेतल्याची गोष्ट तिला सांगते. पहिल्यापासून, काही न वगळता. ती रडते. मीही रडते. बाळाला आमचं काही देणंघेणं नसतं, ते ढेकर देतं.

बाळंतिणीनं सव्वा महिना सुईदोऱ्याला हात लावायचा नसतो, डोळे अधू होतात. हे गेले सव्वीस दिवस मीच तिला बजावतेय. सुटलेलं बटणसुद्धा लावू दिलेलं नाही.

मी बाळ माझ्याकडे घेते आणि पायानं पाट पुढं ओढते.

"इथं बस. समोर."

"काकू, पण तुम्हीच म्हणालात की..."

"म्हणाले होते. पलीकडचं अर्धं मी शेवटाकडून विणत आणते, माझे पोपट तुझ्या आईच्या पोपटांकडं बघत येतील. मधे जोडू. पण या चार चोची माझ्या हातानं होत नाहीत."

ती बसते. गुडघ्याला गुडघा लागतो. बोटावरचे वळ अजून गेलेले नाहीत. त्याच बोटानं मी सेफ्टी पिन उघडते, टाका सुटायच्या आत सुईवर घेते आणि ती सुई तिच्या डाव्या हातात देते.