होडीच्या वाटेतली सासू

आमच्या शेजारच्या तुर्फेनाला सगळे ‘उयोमाची लेक’ म्हणतात. आमच्यात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरगावाचं नाव जन्मभर चिकटतं. उयोमा मोठ्या तळ्यावर, व्हिक्टोरियावर. तिथं जलपर्णीनं तिच्या बापाचा अख्खा काठ गिळला. म्हणून आमच्या छोट्या कोदेरा तळ्यावर तिचा पहारा. पाणी आम्ही त्याचंच पितो, मासेही त्याचेच खातो.

“मोठ्या तळ्यातली होडी इथं आणायची तर तिच्या तळाशी साचलेलं पाणी लांब ओता, त्यात जलपर्णीचं बी असतं, होडी घासा, जाळी उन्हात कडकडीत वाळवा,” ती सांगायची. मासे थंड राहावेत म्हणून लोक टोपल्यांवर ओली जलपर्णी पांघरतात आणि इथं पोचले की ती पाण्यात भिरकावतात. तेही बंद करा म्हणाली.

मच्छीमारांचा मुखिया ओधोच हसला. “होडी काय न्हाऊ घालायचं बाळ आहे?”

“बाळच. अंगावर काय घेऊन आलंय ते बघायला नको?”

एका सकाळी ट्रकवर होडी आली ती नेमकी तिच्या जावयाची, ओबिएरोची. तळाशी हिरवट पाणी, टोपल्यांवर हिरवी चादर. तुर्फेनानं उतारावर मधोमध चटई टाकली आणि पाय पसरून बसली.

आमच्याकडे जावई सासूला ओलांडत नाही, तिच्याशी तोंड वर करून बोलतही नाही. ओबिएरो झाडाआड पाठ करून उभा. मध्ये मी.

“काका, आईंना म्हणावं, जरा सरका.”

“भावजी, जावयांना सांगा, गुडघे धरलेत.”

दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, तरी मी इमानानं निरोप पोचवत होतो, थोडं मीठमसाला लावून.

“मासे खराब होतील म्हणावं.”

“केळीची पानं घाला म्हणावं. आणि हे तळं मेल्यावर माझ्या नातवंडांना काय पाजणार, तेही विचारा.”

ओबिएरोनं होडी रस्त्यापलीकडं नेऊन उलटी केली. जलपर्णी वाळवून जाळली. होडी कोरडी होईपर्यंत चटई हलली नाही.

ओधोच चिडला. “मी नाही तुझा जावई. माझी होडी आली की बघतो कोण अडवतं.”

“तुमची सासू पलीकडच्या काठावर राहते ना? निरोप गेलाय. चटई घेऊन येतेय.”

तेव्हापासून उतारावर रोज कुणाची ना कुणाची सासू बसलेली असते. कोदेरात अजून जलपर्णीचं पान नाही. मी मात्र मंगळवारी तिकडं फिरकत नाही. त्या दिवशी माझी असते.