मामांच्या हद्दीतलं आकाश

माझे मामेसासरे जमिनीवरचा एकही नियम पाळत नाहीत आणि आकाशातला एकही मोडू देत नाहीत. सुरतेत, डिंडोलीच्या रस्त्यावर ते स्कूटर हमखास उलट्या बाजूने घालतात, हेल्मेट भाजीच्या पिशवीसारखं हँडलला लटकवतात, आणि पोलिसाने शिट्टी मारली तर कुणी ओळखीचा हाक मारतोय अशा समजुतीने हात हलवून पुढे जातात. पण बंगळुरूच्या मुलीने वाढदिवसाला तळहाताएवढं ड्रोन पाठवलं, आणि लूमच्या खडखडाटात आयुष्य काढलेला हा माणूस कायद्याचा पुतळा झाला. मोबाइलवर नकाशा उघडून हिरवा भाग कुठला, विमानतळाकडचा लाल कुठला, हे त्यांनी पाठ केलं. एवढ्याशा ड्रोनला परवाना लागत नाही, असं मी म्हटलं, तर "लागत नाही म्हणजे विचारायचं पण नाही?" म्हणत चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने "काका, उडाडो ने, कोण ना पाडे छे?" म्हणून चहा पाजला. नाही म्हणणारं कुणीच नाही, याचंच मामांना वाईट वाटलं. उत्तरायणात पतंग उडवायला सगळं सुरत गच्चीवर, आणि मामांचं ड्रोन कपाटात! "मांजा पंख्यात अडकला तर खाली डोकं कुणाचं?"

माझ्या मेहुणीच्या हळदीला मात्र प्रकरण पेटलं. गल्लीत मांडव, डीजे, वर विजेच्या तारांचं जाळं, आणि फोटोग्राफरने भलंमोठं ड्रोन नाचणाऱ्यांच्या डोक्यावर सोडलेलं. नवरीचे सख्खे मामा मानाची टोपी घालून उठले आणि गाणं बंद करायला लावलं.

"गर्दीवर उडवायचं नाही. उतरव ते!"

"अंकल, कुछ नहीं होता," फोटोग्राफर म्हणाला.

सासूबाई हळदीच्या हातांनी धावत आल्या. "भाऊ, आज तरी गप ऱ्हाय ना! पोरनी हयद शे."

मामा गप्प राहिले, पण बसले नाहीत. तोंड फुगवून ड्रोनच्या खालोखाल फिरत राहिले. ते जिकडे जाईल तिकडच्या बायका उठवायच्या, खुर्च्या सरकवायच्या. लोक हसत होते, मीही हसत होतो. माझी लहान मुलगी पडलेल्या फुलांशी खेळत होती. तिला उचलून त्यांनी माझ्या मांडीवर आदळलं आणि वळले, तोच ड्रोनचा पंखा तारेला लागला. फुलं होती तिथेच ड्रोन येऊन फुटलं. एक तुकडा मामांच्या कानाला चाटून गेला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "मामानी नजर लागनी!" आणि तेच सगळ्यांना पटलं. फोटोग्राफर तर भरपाई मामांकडेच मागू लागला.

मामा कानाला रुमाल लावून कोपऱ्यात बसले. जेवणं झाल्यावर सासूबाई त्यांचं ताट घेऊन आल्या. शेजारी बसून, लहान भावाला भरवावं तसा पहिला घास त्यांनी मामांच्या तोंडात घातला.

हल्ली मामांना वरचं नीट दिसत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसलेले असतात. कुठे घरघर ऐकू आली की माझा हात धरतात. "बघ रे, कुणाच्या डोक्यावर तर नाही ना?"

बहुतेक वेळा ती शेजारच्यांच्या मिक्सरची असते. तरी मी उठतो, गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, आकाश नीट बघतो, आणि मगच येऊन नाही म्हणतो.